सहा बटणं

मे महिना, पारा सेहेचाळीसवर,
धरमपेठेतल्या शाळेचा हॉल,
त्याले सहा कुलर, अन् सहाही कुलरले मी एकटा.
मले सांगितलं होतं एवढंच:
वाजवणं सुरू व्हायच्या आधी बंद,
टाळ्या पडल्या की चालू.
तारांची वाद्यं मोठी नाजूक असतात म्हणे,
घरघरीत मरतात.

बॅनरवर होतं: नाचातून आलेलं संगीत,
चार दिवस, चार वादक, प्रवेश मोफत.
पहिल्या दिवशी मी वाट पाह्यली,
आता येतीन नाचणारे, घुंगरू बांधून.
कोणी आलं नाई.
चार खुर्च्या, चार स्टँड,
कागद उडू नये म्हणून कपड्याचे चिमटे,
अन् रेजिनाल्ड सर, अजनीच्या रेल्वे क्वार्टरातले,
गुडघ्यांमधी एवढं मोठं चेलो धरून,
जसं कोणी तापातल्या लेकराले धरते.

गर्मीनं तारा उतरत.
वैरागडे बाई कान लावून पुन्हा पुन्हा खुंटी पिळत,
मंग म्हणत, "आणखी एक मिनिट असू द्या हो गार."
मी असू द्यायचो.
वाळ्याचा वास हॉलभर,
अन् दुसऱ्या रांगेत कोणाच्या तरी पिशवीतल्या
संत्राबर्फीचा.

चप्पल फटफट करते,
म्हणून मी ती दाराशी काढून ठेवली.
पहिलं बटण खिडकीपाशी.
दुसरं, तिसरं भिंतीभिंतीनं.
चौथ्याची वायर ढिली,
तिथं बोट दाबून थांबावं लागते.
पाचवं बाकामागं, वाकून.
सहावं पार स्टेजजवळ.
ते दाबलं की हॉल असा गप्प होते
जसं टाकी भरल्यावर पाणी.
तवा टेंभुर्णे दादा गज उचलते.

एका तुकड्यात गिरकी होती,
तीन-तीनची, गोऱ्या लोकाइच्या नाचाची.
एकात आमच्या साकोलीकडची दंडार.
ते मी ओळखलं, ढोलकी नसून ओळखलं,
तोंड दिसत नसतानी माणूस
चालीवरून ओळखू यावा तसं.
पण सगळे बसून. लोकं बसून, वादक बसून.
नाच कुठं होता मले कळे नाई.
रेजिनाल्ड सरांचा डावा बूट
हलत होता तेवढा.

पहिल्या रांगेत कडेले एक म्हातारी बसे.
कुमुदताई खानझोडे, कोणी तरी सांगितलं,
महालात चाळीस वर्षं कथक शिकवलं,
आता गुडघे गेले.
त्या स्टेजकडं पाहतच नव्हत्या.
मले वाटलं माझंच काही चुकून राहिलं,
पाय वाजते का, बनियान फाटली दिसते का.

तिसऱ्या दिवशी मध्यंतरात
त्याइनं काठीनंच बोलावलं.
"चौथ्यापाशी थांबतोस ना, थांबत जा.
मोजलंय मी. पाचव्याला वाकताना
मान तेवढी पाडू नकोस."
मी म्हटलं, वायर ढिली हाय, बाई.
त्या म्हणाल्या, "असू दे. दुरुस्त करू नकोस."

चौथ्या दिवशी दारातही लोकं उभी.
रात्रीचे आठ, तरी भिंत हात लावू देत नव्हती.
पहिलं. दुसरं. तिसरं.
चौथ्यापाशी बोट दाबलं
अन् थोडा जास्तच थांबलो.
मागून काठी फरशीवर
एकदा, हलकेच, टेकली.
मान वर ठेवून मी वाकलो.
मंग सहावं.
टेंभुर्णे दादानं पहिल्यांदा माझ्याकडं पाह्यलं
अन् गज उचलला.

घरी बायको म्हणे, मजुरी दिली का?
दिली.

दुसऱ्या दिवशी वाडीले लग्न होतं,
बारा कुलर, डीजे.
तिथं बटण एकदाच दाबायचं असते,
कोणी बंद करा म्हणत नाई.
चप्पल मी तरी
दाराशीच काढली.